अख्खं गाणं

मला घराबाहेर गुणगुणायला बंदी होती. बँडमास्तरच्या मुलीला अशी बंदी होती असं सांगितलं की ऐकणारा आधी हसतो, मग माझ्या तोंडाकडे बघतो आणि मी हसत नाही हे पाहून हसू आवरतो. सापगावच्या बायका विहिरीवर पाणी शेंदताना लग्नातले धवळे म्हणायच्या, एकीचं संपलं की दुसरी उचलायची, आणि मी त्यांच्यात ओठ घट्ट मिटून उभी. बारा वर्षांची असताना एकदा विसरले. घडा भरता भरता बाबांनी त्याच आठवड्यात बसवलेल्या नव्या गाण्याच्या दोन ओळी तोंडून निघून गेल्या. कुणीतरी कौतुकानं ती गोष्ट घरी पोचवली. बाबा मला बोलले नाहीत, हात उगारणं तर त्यांच्या स्वभावातच नव्हतं. फक्त दुसऱ्या दिवसापासून माझं विहिरीवर जाणं बंद झालं आणि आई दोन्ही वेळचं पाणी एकटी आणू लागली. तिच्या डोक्यावरची चुंबळ बघितली की मला माझ्याच गळ्याचा राग यायचा. तेव्हापासून मी गाणं आतल्या आत म्हणायला शिकले, आणि अजूनही रस्त्यानं जाताना माझ्या तोंडून सूर निघत नाही. एवढी वर्षं पोरांना गायला लावून माझी ही खोड काही गेली नाही.

बाबांना सगळा मुलूख मास्तर म्हणायचा. शहापूर, मुरबाड, वर कसाऱ्यापर्यंत कुठंही लग्न निघालं की आधी आमच्याकडे सुपारी यायची, मग तारीख धरली जायची. बँडमध्ये माणसं सात. ट्रंपेट दोन, क्लॅरिनेट एक, पोटाशी धरून वाजवायचं ते मोठं युफोनियम एक, ढोल, साइड ड्रम आणि झांज. आमच्या बँडची खासियत अशी की गाणं एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या तोंडात जायचं. अर्धी ओळ क्लॅरिनेट म्हणणार, उरलेली ट्रंपेट उचलणार, मधली जागा युफोनियम भरणार. वरातीतली माणसं नाचायचं थांबून बघत राहायची. लोकांना ती मास्तरांची कला वाटायची. ती कला होती हे खरं, पण तिच्या मुळाशी भीती होती. माझ्या जन्माच्या आधी बाबांचा एक जोडीदार होता, त्याला त्यांनी हाताला धरून सगळं शिकवलं होतं. तो एका शिमग्याला सगळी गाणी डोक्यात घेऊन गेला आणि भिवंडीकडे त्यानं स्वतःचा बँड काढला. त्या दिवसापासून बाबांनी ठरवलं की गाणं कापूनच द्यायचं. प्रत्येकाला त्याच्यापुरता तुकडा. सात माणसांकडे सात तुकडे, आणि अख्खं गाणं फक्त मास्तरकडे. "आख्खं गानं कुनाच्या हातात द्याचं नाय," ते आईला सांगायचे, जसं कुणी घराच्या किल्लीबद्दल सांगेल.

म्हणून आमच्याकडे तालीम सगळ्यांची मिळून होत नसे. लग्नं नसायची त्या पावसाळ्याच्या महिन्यांत एकेकाचा एकेक वार ठरलेला. सोमवारी मुरबाडकडचा पांडू क्लॅरिनेट घेऊन यायचा, मंगळवारी उंबरमाळीच्या बाजूच्या एका पाड्यावरून म्हातारे दामूकाका यायचे युफोनियमला, मग बाकीचे. तालीम मागच्या पडवीत. पडवी आणि चूल यांच्यामध्ये कारवीचा कूड, शेणानं लिंपलेला, आणि त्याच्या या बाजूला मी. सोमवारी भाकऱ्या थापताना क्लॅरिनेटचा तुकडा ऐकू यायचा, मंगळवारी सुकट भाजताना युफोनियमचा, आणि आठवडाभरात कुडाच्या अलीकडे माझ्या डोक्यात गाणं आपोआप जुळून जायचं. पितळेची वाद्यं चिंच आणि राखेनं घासायचं कामही माझंच. त्यामुळे माझ्या हातांना कायम एक आंबट, धातूचा वास असायचा, जेवतानासुद्धा. नळ्यांत साठलेली थुंकी झटकल्याचा आवाज, बाबांच्या छडीचे पाटावर पडणारे ठोके, आणि एकच तुकडा वीस वीस वेळा. मला तेव्हा वाटायचं जगात सगळीकडे गाणी अशीच शिकवत असतील.

कान माझा बाबांपेक्षा चांगला निघाला, आणि माझं सगळं तिथंच अडलं. त्यांना रेडिओवरचं गाणं पाचसहा वेळा ऐकावं लागायचं, मला दोनदा पुरायचं. दुपारी रेडिओवर नवं गाणं लागलं की मी हातातलं काम टाकून बसायची, मग पेटीवर काढून वहीत उतरवायची. पुढं पुढं ते कापायचं कामही माझ्याकडे आलं. कुठली ओळ कुणाला द्यायची, कुणाचा श्वास किती पुरतो, दामूकाकांना खोकला असतो म्हणून त्यांना लांब ओळ नको, हे सगळं मी ठरवायची आणि बाबा शिकवायचे. घरात दुसरं काही नसलं तरी रेडिओचे सेल कधी संपले नाहीत. जेवायला बसलं की बोंबलाचा मधला तुकडा बाबा स्वतःच्या ताटातून उचलून माझ्या ताटात टाकायचे. बँडमधल्या कुणालाच ठाऊक नव्हतं, निदान मला तसं वाटायचं, की त्यांची गाणी कूड ओलांडून येतात. आम्ही दोघंच काय ते जाणत होतो, आणि मला त्याचा अभिमानही होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

दहावी झाले आणि शाळेतल्या बाईंनी अध्यापिका विद्यालयाचा फॉर्म आणून हातात दिला. ठाण्याला राहायचं, दोन वर्षं शिकायचं, मग शाळेत नोकरी. मी तो फॉर्म वहीत घालून बाबांच्या पुढं ठेवला. त्यांनी वाचला, नीट घडी केली आणि म्हणाले, यंदा नको, सीझन कोण काढील? पुढच्या वर्षी बाईंनी पुन्हा फॉर्म आणला आणि बाबांनी पुन्हा तितकीच नीट घडी केली. लग्नाचंही तेच. स्थळ आलं की बाकीच्या घरांत जमीन विचारतात, आमच्याकडे पहिला प्रश्न असायचा, तुमच्या गावात बँड आहे का. मुरबाडचं एक चांगलं स्थळ होतं, मुलगा शिकलेला, घर बरं. सगळं जमत आलं आणि बोलण्या बोलण्यात निघालं की मुलाचा चुलता कुठंतरी साइड ड्रम वाजवतो. बाबांनी चहा संपवला आणि पाहुण्यांना एसटीपर्यंत पोचवून आले. आईनं विचारलं तेव्हा म्हणाले, पोरगी नाय जाणार, आख्खी पेटी जाईल. आई त्या रात्री जेवली नाही. मी जेवले. मला त्यात आपली किंमत दिसली, पिंजरा दिसायला आणखी एक वर्ष जावं लागलं.

ते कसं दिसलं तेही सांगते. रोज संध्याकाळी बाबा घरी आले की आधी विचारायचे, आज कोण आलं होतं, काय बोललीस, रेडिओ किती वेळ लागला. वर्गातल्या मुली एकेक करून गेल्या, कुणी लग्न होऊन, एक नर्सिंगला. मी मागच्या दारातून पुढच्या दारात आणि पुढच्या दारातून मागच्या. माहुलीचे सुळके आमच्या अंगणातून दिसतात. कधी कधी मी नुसती त्यांच्याकडे बघत उभी राहायची. ओरडावंसं वाटायचं, पण ओरडायचा गळाही माझा राहिला नव्हता.

मग पांडूचं लग्न आलं. बँडवाल्याच्या लग्नात बँड त्याचाच असतो, ही रीत. पांडू मुंडावळ्या बांधून घोड्यावर आणि बाकीचे सहाजण पुढं वाजवत चाललेले, दुपारच्या उन्हात. आम्ही बायका मागं. बाबांनी त्याच्या मानासाठी त्या वर्षीचं सगळ्यात गाजलेलं गाणं लावलं, आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की क्लॅरिनेट तर घोड्यावर बसलंय. त्याचा तुकडा दुसऱ्या कुणालाच येत नव्हता. ओळ यायची, अर्ध्यावर तुटायची, ढोल नुसता ठोके देत राहायचा, आणि चार ठोक्यांनी ट्रंपेट पुन्हा उगवायचा. माणसं हसायला लागली. बाबा घामाघूम, उलटं चालत, छडी हवेत फिरवत त्या भोकाला आकार देत होते. आणि मी पाहिलं की नवरदेव मुंडावळ्यांच्या आत तोंड हलवतोय. स्वतःचा तुकडा तो तोंडानं म्हणत होता, जोरानं, भोक भरायला. नवरीकडच्यांची हसून हसून पुरेवाट झाली. मला मात्र हसू आलं नाही. मला लाज वाटली, कारण ते भोक मी कापलेलं होतं.

आठ दिवसांनी पांडू आला, बाबा मुरबाडला सुपारी घ्यायला गेलेले असताना. आई मागच्या पडवीत तांदूळ निवडत होती. तो तिच्याशी बोलला, पण कुडाकडे बघून. लग्नात पहिल्यांदा गाणं बाहेरून ऐकलं, म्हणाला. आठ वर्षं वाजवतोय पण आपल्या पाळीची मात्रा मोजण्यात सगळा जीव, बाकीचं कधी कानात शिरलंच नाही. आता गावातली पोरं चिडवतात की बँडवाल्याला गाणं येत नाही, आणि खोटं काय बोलतात. मग त्यानं सरळ विचारलं.

"सुमे, तुला आख्खं येतं ना गो? आमी चुकलो की मास्तर छडी उचलायच्या आधी कुडामागं भाकरी थापायचा आवाज थांबतो. मला कवाच समाजलंय. एकदा ऐकव. मी कुनाला नाय सांगनार."

मी कुडाआडून बाहेर येऊन आईकडे बघितलं. आई तांदळातला खडा शोधत राहिली आणि म्हणाली, "मी काय ऐकलं नाय." मी पेटी पुढं ओढली आणि सुरुवातीपासून शेवटापर्यंत सगळं गाणं वाजवलं. पांडू पडवीच्या खांबाला टेकून उभा होता. संपल्यावर त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि विचारलं, दामूकाकांचं वाजवायला शिकवशील का.

आता इथं मला थांबून एक कबुली द्यायची आहे. मुरबाडला आमचा मुलांचा वाद्यवृंद आहे, चाळीसेक पोरं, शाळेच्या पत्र्याच्या खोलीत बसतात. पाड्यांवरची आहेत, बाजारपेठेतली आहेत, कुणालाही मुभा. मी हातात काठी घेऊन त्यांच्यापुढं उभी राहते, आता गुडघे कुरकुरतात म्हणून मधेच खुर्चीत बसते. आमचा एकच नियम आहे. प्रत्येक पोरानं वर्षभरात प्रत्येक खुर्चीवर बसायचं. व्हायोलिनवाल्यानं ढोल शिकायचा, ढोलवालीनं बासरी धरायची, गाणं एकट्याला सगळं म्हणता आल्याशिवाय समारंभात वाजवायला मिळणार नाही. आमचा कार्यक्रम झाला की कुणीतरी शाल घालतं आणि भाषणात म्हणतं की बाईंनी संगीताची दारं सगळ्यांना उघडली, त्यामागं थोर विचार आहे. मी मान खाली घालून ऐकते. थोर विचार वगैरे काही नव्हतं. पांडूनं विचारलं त्या क्षणी माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली होती, की सगळ्यांना सगळं आलं तर मग माझी गरज काय उरेल. मला त्या घरातून सुटायचं होतं. बाबांचा मुद्दाम घात करायचा म्हणून नाही, पण घात होणार हे कळत असून मी ते केलं.

पावसाळाभर हे चाललं. सकाळी बाबा शेतावर बेणणीला, भातातलं तण काढायला, जायचे ते दुपारी परतायचे. ज्याचा वार असेल तो घटकाभर आधी येऊ लागला. मी पेटीवर, तो वाद्यावर, आणि आई दारात बसून काही न ऐकणारी. पांडू शिकला, मग त्यानं ट्रंपेटवाल्यांच्या कानात घातलं, तेही विचारू लागले. माणसं चाळिशीची, मला पोर म्हणून ओळखणारी, आणि माझ्यापुढं पाटावर बसून चुकलं की कान पकडायची. मला शिकवता येतं हे मला तिथं कळलं. कुणी ओळ पकडली की माझ्याच अंगावर काटा यायचा. दामूकाका सगळ्यात शेवटी तयार झाले. त्यांना अख्खं गाणं ऐकवलं तेव्हा त्यांनी ते मोठं पितळ पोटाशी घट्ट धरलं. "एवढी वर्सं मी खाली निस्ता घूं घूं करीत होतो," ते म्हणाले, "नं वर हे चाललेलं व्हय?" त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मीही रडले. बाबांवर इतका राग मला त्याआधी आणि त्यानंतर कधी आला नाही.

तुळशीच्या लग्नाच्या आधी वर्षातून एकदाच सगळे एकत्र बसायचे. त्या दिवसाला आमच्याकडे जुळणी म्हणत. खळ्यावर भात झोडून झालेलं, पोत्यांवर सातजण बसलेले, बाबा छडी घेऊन त्यांच्यापुढं, घराकडे पाठ करून. मी दारात, हाताला तांदळाचं पीठ. गाणं सुरू झालं आणि दुसऱ्या कडव्यालाच भाताच्या धुळीनं दामूकाकांना ढास लागली. युफोनियम बंद पडलं. दरवर्षी असं काही झालं की तिथं भोक पडायचं आणि बाबा छडीनं आकडे मोजत ते पार करायचे. या वेळी भोक पडलं नाही. पांडूनं क्लॅरिनेट खालच्या सुरांत उतरवलं आणि दामूकाकांची ओळ न चुकता वाजवत राहिला. सवयीनं, त्याच्याही लक्षात आलं नसावं.

बाबांची छडी खाली आली. सगळे थांबले. त्यांनी पांडूकडे बघून सांगितलं, दामूचं पुन्हा वाजव. त्यानं वाजवलं. मग ट्रंपेटवाल्याला सांगितलं, पांडूचं वाजव. त्यानंही वाजवलं. एकेक करत बाबा शेवटच्या झांजवाल्यापर्यंत गेले, त्यानं झांज खाली ठेवून तोंडानं सगळी चाल म्हणून दाखवली. मग पांडूला म्हणाले, आता एकट्यानं, सगळं. पांडू उठून उभा राहिला आणि त्यानं वाजवलं. मी मागून बाबांची पाठ बघत होते. त्यांची बोटं मांडीवर ताल देत होती, शेवटपर्यंत. आज मी रोज पोरांपुढं उभी राहते म्हणून मला ठाऊक आहे की ती बोटं त्यांना न विचारता हलत होती. चांगलं वाजलं होतं.

"कोनी शिकावलं?" त्यांनी विचारलं. सातजण पोत्यांकडे बघत बसले. एकानंही नाव घेतलं नाही, आणि त्याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे.

"मी," मी म्हणाले.

ते वळले. "सगल्यांना?"

"सगळ्यांना."

"सगला?"

"सगळं, बाबा."

त्यांनी छडी पोत्यावर ठेवली, वहाणा घातल्या आणि शेताकडे निघून गेले. अंधार पडायच्या आत परत आले, जेवले. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या वर्षीइतका बँड कधीच वाजला नव्हता. कुणी आजारी पडो, कुणाची एसटी चुको, गाणं कुठं तुटलं नाही. लोक बाबांना थांबवून सांगायचे की मास्तर, यंदा काही औरच, आणि बाबा मान हलवायचे. माझ्याशी कामापुरतं बोलत होते. पौषात, म्हसा गावच्या जत्रेच्या थोडं आधी, एका दुपारी, पांडू आणि दोन्ही ट्रंपेटवाले आले. बँडचे लाल कोट धुऊन, घडी घालून आणले होते. मुरबाडला आपला बँड काढतोय, पांडू म्हणाला, आणि त्यानं बाबांचे पाय धरले. बाबांनी कोट उलगडून पाहिला, पितळेची सगळी बटणं जागच्या जागी होती. "नीट वाजव," एवढंच ते म्हणाले. ते तिघं जाईपर्यंत ओट्यावर उभे राहिले.

मग जेवायला बसले. आईनं भात वाढला, वालाचं बिरडं वाढलं. मी चुलीशी होते. बाबांनी दोन घास घेतले आणि माझ्याकडे न बघता, आईला, कामाची गोष्ट सांगावी तशा आवाजात म्हणाले, "हिचा तो फारम भरून टाक. आता हिला घरात ठेवून काय उपेग?"

आई हात थांबवून माझ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता, गेली दोन वर्षं ती त्याच वाक्यासाठी उपास करत होती. मीही. मला हवं होतं ते मिळालं होतं, बाबांनी दार स्वतःच्या हातानं उघडलं होतं. मी चुलीकडे तोंड करून बसले आणि इतकी रडले की आईला वाटलं धूर गेला. कारण तोपर्यंत, सगळं कळून चुकल्यावरसुद्धा, मनाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात मी धरून बसले होते की बाबा मला सोडत नाहीत ते मायेनं.